भिंतीला दोन बोटं माया

मी ज्या औषधांच्या कारखान्यात काम करते तिथे एक बंद खोली आहे. आत चाळीस अंश तापमान आणि पंचाहत्तर टक्के आर्द्रता कायम ठेवलेली असते. नव्या गोळ्यांची पाकिटं आम्ही तिथे सहा महिने ठेवतो आणि मधूनमधून बाहेर काढून किती बिघडली ते मोजतो. बाहेर दोन वर्षांत जे व्हायचं ते तिथे सहा महिन्यांत उरकतं. ती खोली तशी राखायला दोन यंत्रं, एक माणूस आणि भरपूर वीज लागते. आमच्या घरी हेच काम बाथरूम करतं, कुणी न सांगता.

हे मी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो फोनवर आरशाच्या कपाटांची चित्रं बघत होता. "हं," तो म्हणाला. "आतून दिवा लागणारं घेऊ या का?"

कपाटाचा विषय निघाला अप्पांवरून. अप्पा म्हणजे माझे सासरे. चाळीस वर्षं शिवणकाम करून त्यांनी दुकान बंद केलं आणि सासूबाई गेल्यावर मशीन घेऊन आमच्याकडे राहायला आले. मशीन त्यांच्या खोलीत खिडकीशी आहे. शेजारपाजारचे लोक अजून पँटची उंची कमी करायला, चेन बदलायला येतात. अप्पा प्रत्येकाला सांगतात की मी काम सोडलंय, आणि सांगता सांगता टेप गळ्यात घालतात.

महिन्यापूर्वी एका सकाळी ते मशीनवरून उठले आणि तिथेच जमिनीवर आले. पडलो नाही, बसलो, असं ते अजून म्हणतात. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, तो फारच खाली गेला होता. गोळी दुप्पट पडलेली दिसते, असं म्हणून त्यांनी अप्पांना विचारलं, लक्षात राहतं ना सगळं? तीनशे गिऱ्हाइकांची मापं माझ्या डोक्यात आहेत, अप्पा म्हणाले, आणि त्यानंतर डॉक्टरांशी बोललेच नाहीत. मग डॉक्टर आमच्याशी बोलले. पुन्हा असं झालं तर गोळ्या घरातल्या कुणीतरी हातात द्यायला हव्यात.

हे ताईंच्या कानावर गेलं. ताई माझी नणंद, नवऱ्याहून नऊ वर्षांनी मोठी, आणि आयुष्यभर शाळेत शिकवल्यामुळे समोरच्याला वर्गात बसवूनच बोलणारी. तुम्ही दोघं दिवसभर बाहेर, त्यांनी फोनवर सांगितलं, तेव्हा अप्पा माझ्याकडे येतील आणि गोळ्या मी देईन. ताई गोळ्या कशा देतात ते मला माहीत आहे. त्यांच्या यजमानांना गोळी गिळल्यावर जीभ बाहेर काढून दाखवावी लागते. नवरा हे सांगायचा तेव्हा मला वाटायचं थट्टा करतोय. मग एकदा मी डोळ्यांनी पाहिलं.

ताईंचं घर दोन खोल्यांचं आहे, तिथे मशीन ठेवायला जागा नाही. अप्पांनी हा मुद्दा काढला तेव्हा ताई म्हणाल्या, आता कशाला हवंय मशीन.  संध्याकाळी अप्पांनी मला बोलावून सांगितलं की सगळा घोळ त्या कपाटाचा आहे. बाथरूममध्ये बेसिनच्या वर भिंतीत बसवलेलं पत्र्याचं जुनं कपाट होतं, गंजलेलं, दार न लागणारं, आणि अप्पांच्या गोळ्या त्यात असत. कपाट नीट करून द्या, ते म्हणाले, गोळ्या आपोआप नीट होतील.

ताईंशी बोलणी होऊन चार आठवड्यांची मुदत मिळाली. चौथ्या रविवारी त्या येणार, कपाट बघणार, गोळ्या बघणार आणि ठरवणार. "येताना मोठी बॅगच आणते," त्या म्हणाल्या. "रिकामी."

तर चार आठवडे होते आणि एक कपाट घ्यायचं होतं. हे काम एका संध्याकाळचं आहे असं मला प्रामाणिकपणे वाटलं होतं.

पहिला आठवडा माझ्यामुळे गेला, हे मी मान्य करते. गोळ्या बाथरूममध्ये ठेवायला माझा विरोध होता. कारखान्यातून मी आर्द्रता मोजायचं छोटं उपकरण आणलं, बेसिनवर ठेवलं आणि चार दिवसांचा आलेख काढला. सकाळी लागोपाठ तीन अंघोळी झाल्या की आकडा एक्क्याण्णववर जायचा आणि दुपारपर्यंत उतरायचा नाही. आलेख जेवणाच्या टेबलावर ठेवला. नवरा म्हणाला, छान आलाय. अप्पांनी चष्मा लावून तो नीट पाहिला, कागद उलटून मागेही काही आहे का ते पाहिलं, आणि म्हणाले, "मग तुम्ही दोघं अंघोळी बंद करा."

मी स्वयंपाकघर सुचवलं. नको. आमच्या खोलीतलं कपाट सुचवलं. नको. त्यांच्याच खोलीत, मशीनशेजारी? तिथे लोक येतात जातात, अप्पा म्हणाले, माझ्या गोळ्यांचं प्रदर्शन नकोय. मी विचारलं, बाथरूममध्येच का? तर म्हणाले, बाथरूमला कडी आहे. याचा अर्थ काय ते मी विचारलं नाही. मला तो निव्वळ हट्ट वाटला, आणि हट्टाला अर्थ विचारण्याइतका वेळ मला त्या दिवशी नव्हता.

शेवटी मीच माघार घेतली. दाराला रबराची पट्टी असलेलं, घट्ट मिटणारं कपाट घ्यायचं आणि आत ओल शोषणाऱ्या पुड्या मी कारखान्यातून आणून ठेवायच्या. शास्त्रीयदृष्ट्या हा उपाय म्हणजे छत्री धरून पोहण्यासारखा होता, पण ताई रविवारी येणार होत्या आणि त्यांच्याशी आर्द्रतेवर बोलून उपयोग नव्हता.

दुसरा आठवडा नवऱ्यामुळे गेला. कपाट निवडायचं काम मी त्याच्यावर सोपवलं, कारण त्याला दुकानं आवडतात. रोज संध्याकाळी तो एक नवा प्रश्न घरी आणायचा. दार एक की दोन? आरसा बाहेरून की आतूनही? काचेचे कप्पे की प्लॅस्टिकचे? एका दुकानदाराने त्याला सांगितलं होतं की हल्ली सरकत्या दारांची पद्धत आहे, दुसऱ्याने सांगितलं की सरकती दारं अडकतात. दोन्ही दुकानदार त्याला पटले होते. एकदा मी त्याच्याबरोबर गेले. विक्रेत्याने आम्हाला धुकं न धरणारा आरसा दाखवला, त्यात कपाट होतं खरं, पण त्याचे कप्पे इतके उथळ होते की खोकल्याची बाटली आडवी ठेवावी लागली असती. मी हे म्हटलं तर त्याने फार समजूतदारपणे विचारलं, "मॅडम, घरात खोकला फार असतो का?"

शिवाय आमच्या भिंतीतली जागा कुठल्याच तयार कपाटाला जमत नव्हती. जुनं कपाट काढल्यावर तिथे फरशीच्या कडा असलेला एक चौकोनी खड्डा राहिला होता. मी तो वर, मध्ये आणि खाली असा तीनदा मोजला. रुंदी चारशे बारा मिलिमीटर, मध्ये चारशे अकरा. उजवीकडे भिंतीतून पाण्याचा नळ वर जातो, त्यामुळे तिकडे फोडायची सोय नाही. दुकानात मिळायची ती तीनशे साठ किंवा साडेचारशे. तिसऱ्या आठवड्यात आम्ही हात टेकले आणि सुताराला बोलावलं. तो म्हणाला, मापाचं करून देतो, पुढच्या शनिवारी बसवतो. माप मी कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलं, खाली दोन रेघा मारल्या आणि कारखान्यात गेले.

शनिवारी सकाळी सुतार कपाट घेऊन आला. कपाट सुरेख होतं, ते मान्य करायला हवं. पाणी न धरणाऱ्या फळीचं, आरशाचं दार, दाराला काळी रबराची पट्टी, आत तीन खोल कप्पे. अप्पांनी त्याच्या कडांवरून बोट फिरवलं आणि सुताराकडे बघून मान हलवली, जशी एक कारागीर दुसऱ्यासाठी हलवतो. मग ते जाऊन आपला बटणांचा डबा घेऊन आले. त्या डब्यात आता बटणं नव्हती, जुनं कपाट काढल्यापासून गोळ्या असायच्या. कपाट बसलं की लगेच आत ठेवायला म्हणून त्यांनी तो बेसिनवर मांडला. सुताराने कपाट उचललं, खड्ड्याला लावलं, थोडं तिरकं केलं, पुन्हा लावलं आणि खाली ठेवलं.

"जात नाही," तो म्हणाला.

मी टेप आणली. कपाट साडेचारशे मिलिमीटर भरलं. बाजारात जे तयार मिळत होतं, बरोबर तेच.

मी सुताराला विचारलं की चारशे बाराचं साडेचारशे कसं झालं. तो शांतपणे म्हणाला, मला इंचात सांगितलं होतं. फोनवर पावणेअठरा सांगितलं, मी पावणेअठरा केलं, एक सूतभर इकडेतिकडे नाही. आणि त्याने अप्पांकडे पाहिलं. नवऱ्यानेही अप्पांकडे पाहिलं. तेव्हा कळलं की मंगळवारी सुताराचा फोन आला तेव्हा नवरा घाईत होता आणि फोन अप्पांच्या हातात देऊन गेला होता. फ्रिजवरचा कागद अप्पांना दिसला होता. पण दुसऱ्याने घेतलेल्या मापावर त्यांनी जन्मात कधी कात्री चालवली नव्हती. त्यांनी आपली टेप काढली आणि खड्डा स्वतः मोजला.

"सव्वासोळा भरलं," अप्पा म्हणाले. "माप बरोबरच आहे. वर दोन बोटं माया धरली."

सुताराच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर तसाच राहिला. "भिंतीला माया?"

"माया धरल्याशिवाय कापतात का कुणी? जास्त झालं तर आत दुमडता येतं. कमी पडलं तर आणणार कुठून?"

"अप्पा," सुतार म्हणाला, "लाकूड दुमडत नाही हो."

माया म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड. अंगाच्या मापाला कापलेला कपडा शिवताना लहान होतो, म्हणून शिंपी कापतानाच थोडं अधिक धरतो. चाळीस वर्षं ज्याने हे केलं, त्याच्या हाताला भिंत आणि छाती यांतला फरक कुणी सांगायचा? हे मला आत्ता लिहिताना सुचतंय. त्या क्षणी माझ्या डोक्यात फक्त एवढंच होतं की चार आठवडे गेले, उद्या रविवार, आणि माझ्यासमोर एक कपाट आहे जे घरातल्या नेमक्या एकाच भिंतीत बसू शकत नाही, ती भिंत म्हणजे ही.

नवऱ्याने भिंत थोडी फोडू या का विचारलं. मी नळाची आठवण केली. तो म्हणाला, मग डावीकडून? सुतार म्हणाला, बघतो, आणि कपाट पुन्हा उचलून डावीकडे वळला. कपाटाचा कोपरा डब्याला लागला. डबा खाली पडला, झाकण एकीकडे गेलं आणि ओल्या फरशीवर चंदेरी चौकोन पसरले.

मी खाली बसून ते गोळा करायला लागले. एरवी गोळ्यांच्या दहाच्या पट्ट्या असतात, मागे नाव आणि तारीख छापलेली. इथे एकही पट्टी नव्हती. प्रत्येक गोळी आपापल्या प्लॅस्टिकच्या फुगवट्यासह सुटी कापलेली होती. कड इतकी सरळ आणि इतकी जवळून कापलेली होती की ती कात्री कुणाची ते विचारायची गरज नव्हती. मागच्या छपाईचं काही उरलं नव्हतं, कुठे दोन अक्षरं, कुठे एक तुटलेला आकडा. सुताराने शेवटची एक बादलीमागून काढून दिली. सोळा झाल्या. त्यांतल्या एका चौकोनातली गोळी फुगून कडेला पिवळी पडली होती. अशी गोळी मी ओळखते. आमच्या त्या खोलीतून सहाव्या महिन्यात बाहेर येते.

 मी सुताराला चहा दिला, नवऱ्याला त्याच्याशी बोलत बसवलं आणि गोळ्या टेबलावर नेऊन चष्मा लावून बसले.

अप्पांना दोन गोळ्या आहेत. सकाळची रक्तदाबाची, रात्रीची रक्तातल्या चरबीची. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही गोल, आकारही जवळजवळ एक. रक्तदाबाच्या गोळीवर मध्ये एक बारीक रेघ आहे, दुसरीवर नाही. ती रेघ मला प्लॅस्टिकमधून चष्म्याने दिसत होती. सत्तरीतल्या माणसाला बाथरूमच्या दिव्यात दिसली नसती. मी दोन ढीग केले. दोन्ही प्रकारच्या तीस-तीस गोळ्या बावीस दिवसांपूर्वी एकाच दिवशी आणल्या होत्या, मीच आणल्या होत्या. आज दोन्हीच्या आठ-आठ उरायला हव्या होत्या. रेघेवाल्या तीन होत्या. बिनरेघेच्या तेरा.

एका बाजूला पाच कमी, दुसऱ्या बाजूला पाच जास्त. एकूण सोळा, म्हणजे जितक्या हव्या तितक्याच. ज्या माणसाला विसर पडतो त्याचा आकडा असा येत नाही. हा माणूस बावीस दिवस सकाळ-संध्याकाळ न चुकता एक-एक गोळी घेत होता. निदान पाच रात्री मात्र त्याने रात्रीच्या जागी सकाळची घेतली होती, आणि त्या दिवसांत रक्तदाबाची दुप्पट पडली होती. डॉक्टरांचं निदान बरोबर होतं, फक्त कारण चूक होतं.

अप्पा खोलीत मशीनसमोर बसले होते. मशीन चालू नव्हतं. मी दोन्ही ढीग त्यांच्या पुढ्यात ठेवले आणि सांगितलं की तुम्ही एकही गोळी विसरलेला नाहीत.

"हे मी महिनाभर सांगतोय," ते म्हणाले.

मग मी अदलाबदल झाल्याचं सांगितलं. त्यांनी एक एक चौकोन उचलून डोळ्यांजवळ नेला. रेघ त्यांना दिसली नाही. मी दाखवल्यावरही दिसली नाही. मी विचारलं की पट्ट्या अशा कापता कशाला.

 त्यांनी ढिगातला एक चौकोन उचलला, दोन बोटांत धरला आणि फुगवट्यावर अंगठा दाबला. अंगठा थरथरला, नखाखाली पांढरा पडला, पण मागची चांदी फुटली नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. अंगठ्याच्या बुडाशी सांधा सुजून गाठीसारखा झाला होता. सहा वर्षं हा माणूस माझ्या घरात राहतो, रोज माझ्या हातून चहाचा कप घेतो. मी कधी तिकडे पाहिलं नव्हतं.

"कात्रीला जोर हाताचा लागतो, ते जमतं," ते म्हणाले. "हे असं चिमटीत धरून दाबणं जमत नाही. एकेका गोळीला दहा मिनिटं जायची. बाहेर बसून करायला लागलो की तुम्ही विचारणार, अप्पा, काय करताय, द्या इकडे. म्हणून आत कडी लावून करायचो. मग म्हटलं, आधीच सगळ्या कापून ठेवाव्यात. सुटी असली की मागून कात्रीच्या टोकाने उघडता येते."

मी म्हटलं, डॉक्टरांना सांगायचं होतंत.

"काय सांगू? शिंप्याचा अंगठा गेला म्हणून?" त्यांनी मशीनकडे पाहिलं. "उद्या ताईच्या कानावर गेलं असतं. मग म्हणाली असती, आता शिवायचं राहिलंच कुठे."

मला राग आला होता, आणि कुणाचा ते धड कळत नव्हतं. गोळी पट्टीत बसवण्यासाठी आमच्याकडे केवढं मोठं यंत्र आहे. ती पट्टी ओल किती थोपवते यावर मी अहवाल लिहिते. ती बाहेर काढायला किती जोर लागतो हे मोजणं आमच्यातल्या कुणाचंच काम नाही. घरी महिनाभर मी आलेख काढले, नवऱ्याने आरसे पाहिले, ताईंनी बॅग रिकामी केली, आणि त्या माणसाचा हात कुणी हातात घेऊन पाहिला नाही.

मी पिवळी पडलेली गोळी त्यांच्यासमोर ठेवली. फुगवट्याभोवतीची ती चपटी चंदेरी कड म्हणजे शिवण आहे, मी म्हटलं. चांदी प्लॅस्टिकला तिथे चिकटवलेली असते. तिच्यावरून कापलं की आत हवा जाते.

अप्पांनी तो चौकोन उजेडात धरला. "म्हणजे मी टिपेवरच कात्री चालवली."

"हो."

"आणि माया ठेवलीच नाही."

"ती सगळी भिंतीला दिलीत."

ते हसले नाहीत. चक्कर आली त्याचं त्यांना एवढं वाईट वाटलं नव्हतं, जेवढं या कापण्याचं वाटलं. टिपेवर कात्री, असं ते दोनदा स्वतःशी पुटपुटले. मग उठले, खणातून माझ्या डोकेदुखीच्या गोळ्यांची एक पट्टी काढली, ती तिथे कशी आली ते मी विचारलं नाही, आणि मोठ्या कात्रीने दोन फुगवट्यांच्या बरोबर मधोमध कापली. दोन्हीकडे सारखी माया. मग म्हणाले, कापडाचे तुकडे एकसारखे दिसले की पुढचा कुठला आणि मागचा कुठला हे कळायला आम्ही कडेला कातर मारतो, छोटीशी खाच. सकाळच्या गोळीला एक कातर, रात्रीच्याला दोन. डोळ्यांची गरजच नाही, बोटाला कळतं.

मी तिथेच उभी राहून त्यातल्या चुका शोधल्या, ती माझी सवय आहे. खाच फुगवट्यापासून दूर, कोपऱ्यातच मारायची. दोन्ही पट्ट्या एकाच वेळी कापायला घ्यायच्या नाहीत. एक कापून, खाचा मारून, ठेवून झाल्याशिवाय दुसरी हातात धरायची नाही. नाव आणि तारखेचा तुकडा शेवटपर्यंत जपायचा. अंगठा डॉक्टरांना दाखवायचा. शेवटच्या गोष्टीवर अप्पा म्हणाले, बघू. मी म्हटलं, बघू नाही.

मग मी बाहेर जाऊन सुताराला सांगितलं की कपाट अप्पांच्या खोलीत लावायचं, मशीनशेजारी, बसल्या जागी हात पोचेल इतक्या उंचीवर. नवरा म्हणाला, आणि बाथरूममधला खड्डा? मी म्हटलं, खड्डा कुठे पळून जात नाही.

अप्पा दारात येऊन उभे होते. "आणि कडी?" त्यांनी विचारलं.

त्यांच्या खोलीच्या दाराला आतून कडी नव्हती. सुताराच्या पेटीत एक होती. ती लावायला सांगितली आणि अप्पा आत वळल्यावर हळूच त्याला म्हटलं की स्क्रू अगदी आखूड घाला, बाहेरून खांदा मारला तर कडी निघून आली पाहिजे. सुताराने एकदा माझ्याकडे आणि एकदा त्या दाराकडे पाहिलं. "पाऊण इंची घालतो," तो म्हणाला, "माया न धरता."

संध्याकाळी मी नव्या पट्ट्या आणल्या. जुन्या सोळा गोळ्या टाकून दिल्या.

रविवारी ताई दहाला आल्या. बॅग खरंच मोठी होती, चाकांची. ती दिवाणखान्यात मधोमध उभी करून त्या सरळ बाथरूममध्ये गेल्या आणि तिथूनच विचारलं की कपाट कुठे आहे. बेसिनच्या वरच्या खड्ड्यात नवऱ्याने दाढीचं सामान आणि साबणाची पेटी लावून ठेवली होती, कदाचित जागा भरलेली दिसावी म्हणून. मी त्यांना अप्पांच्या खोलीत नेलं. त्यांनी कपाट उघडलं, मिटलं, रबराची पट्टी दाबून पाहिली. औषध बाथरूममध्ये नसावंच, त्या म्हणाल्या, ओल असते, हे तुम्हाला आधी कळायला हवं होतं. मी हो म्हटलं. त्या अख्ख्या महिन्यात मी केलेलं ते सर्वात अवघड काम होतं.

मग झालेला प्रकार मी त्यांना सांगितला, पाच कमी, पाच जास्त, अंगठा, सगळं.  ताईंनी वडिलांचा हात उचलून पाहिला, सांध्यावर बोट ठेवलं, अप्पांनी ओठ आवळले. ताईंनी हात परत मांडीवर ठेवला आणि कप्प्यातल्या वाटीत नवे चौकोन एकत्र ओतले. "डोळे मिटा," त्या म्हणाल्या.

अप्पांनी डोळे मिटले. वाटीतला एकेक चौकोन उचलून त्याची कड तर्जनीवरून फिरवली आणि डावीकडे किंवा उजवीकडे ठेवत गेले. ताई प्रत्येक ठेवलेला चौकोन उचलून तपासत होत्या. वीस झाले. एकही चुकला नाही. ताईंनी सगळे पुन्हा मिसळले आणि हात पाठीमागे नेऊन करायला लावलं. तेही झालं. मग, मला वाटतं नुसत्या कुतूहलाने, त्यांनी स्वतः डोळे मिटून करून पाहिलं आणि वीसपैकी तीन चुकवले.

"बोटं कोरडी आहेत माझी," त्या म्हणाल्या.

"खडूने झाली असतील," अप्पा म्हणाले.

ताई पलंगावर बसल्या. मशीनच्या चाकाकडे एकदा पाहिलं. मग पर्समधून एक फुगलेलं पाकीट काढून अप्पांच्या पुढ्यात ठेवलं. आत त्यांच्या यजमानांच्या पट्ट्या होत्या, चार प्रकारच्या. "यांच्याही अशाच करून द्या," त्या म्हणाल्या. "एक, दोन, तीन, चार कातरी. दिवसातून चार वेळा मागे लागून माझा जीव मेटाकुटीला आलाय."

अप्पांनी पट्ट्या उलटसुलट करून पाहिल्या. चष्मा कपाळावरून खाली घेतला. "उद्या ने," ते म्हणाले. "आज दोन गिऱ्हाइकं आहेत."

ताई त्या रात्री राहिल्या. बॅग दिवाणखान्यात मधोमध उभीच राहिली आणि येता-जाता सगळे तिला अडखळले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या, तेव्हा बॅगेत चार डब्या होत्या आणि त्यांचा एक ब्लाउज, जो अप्पांनी बाहीत सैल करून दिला होता. पुढच्या महिन्यात येऊन पुन्हा डोळे मिटायला लावेन, असं त्या दारातून सांगून गेल्या. अप्पा म्हणाले, लाव.

मी कामावर निघाले होते. बाथरूममधून नवऱ्याचा आवाज आला. त्याला फोनवर एक काचेची फळी सापडली होती, खड्ड्यात बसेल अशी, खाली छोटा दिवा असलेली. "अप्पा," तो हाक मारत होता, "जरा टेप घेऊन येता का?"

अप्पा उठले, टेप गळ्यात घालून निघाले. मी चप्पल पुन्हा काढली आणि त्यांच्या आधी बाथरूममध्ये पोचले.

"चारशे अकरा," मी म्हटलं. "मध्ये. लिहून घे."